वाडी म्हणजे फील्ड नव्हे, दादा

दादा,

तुझ्या शोकसभेत पाच जण बोलले आणि पाचही जण खोटं बोलले. मुद्दाम नव्हे. माणूस गेला की बोलणाऱ्याची जीभ आपोआप गोड होते. एक म्हणाले, सर कधी कुणावर रागावले नाहीत. तुझ्या पट्टीचा मार खाल्लेली मुलं समोर तिसऱ्या रांगेत बसली होती, टक्कल पडलेली, आणि तीही माना डोलवत होती. दुसरे म्हणाले, सरांना इंग्रजीतला कुठलाही शब्द विचारा, अचूक अर्थ सांगत. मला हसू फुटलं. वहिनीने माझ्या हाताला चिमटा काढला. शेवटचे बोलले ते आपल्या आळीतले, वटारचे. म्हणाले, "सरांच्या दूरदृष्टीमुळे आज आळीत एक तरी वाडी शिल्लक आहे." शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत म्हणून, नाहीतर तिथे त्या नक्की पडल्या असत्या.

मलाही बोलायला सांगितलं होतं. सख्खी धाकटी बहीण, मीच नाही बोलणार तर कोण? मी नाही म्हटलं. उभी राहिले असते तर खरं बोलले असते, आणि तुझ्या फोटोला नुकताच हार घातला होता. मोगऱ्याचा. आपल्याच वाडीतला, मीच ओवलेला. म्हणून जे आहे ते इथे लिहिते. तुला जाऊन आज बावीस दिवस झाले, आणि अजून माझा राग तसूभर कमी झालेला नाही.

दूरदृष्टी म्हणे! आपल्या वाडीवर खेळाच्या मैदानाचं आरक्षण पडलं, ते तुझ्या एका इंग्रजी शब्दामुळे. बारा-तेरा वर्षं ते आरक्षण डोक्यावर घेऊन मी केळी लावते आहे. तू दवाखान्यात दाखल झालास त्याच आठवड्यात नवी नोटीस आली. जागेवर सध्या काय आहे ते लेखी कळवा, न कळवल्यास मैदानासाठी जागा घेण्याचं काम पुढे चालू होईल. मुदत एक महिना. तुझ्या उशाशी बसून मी ती नोटीस पिशवीत घडी घालून ठेवली होती. तुला दाखवली नाही. दाखवली असती तर तू पुन्हा पेन मागितलं असतंस.

फील्ड हा शब्द आपल्या घरात तूच आणलास. मी पाचवीत, तू माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा, कॉलेजात जाणारा. ओटीवर बसवून मला इंग्रजी लिहायवाचायला शिकवायचास. पुस्तकात चित्र होतं, हिरवंगार सपाट रान, लाकडी कुंपण आणि मधोमध एक गाय. द काऊ इज इन द फील्ड. मी विचारलं, हे फील्ड म्हणजे काय? तू म्हणालास, "आपली वाडी समज." मी चित्राकडे पाहिलं आणि मागल्या दारातून वाडीकडे पाहिलं. आपल्या वाडीत दहा पावलांपलीकडचं दिसत नसे. केळी, विड्याची पानवेल, मधूनमधून नारळ, कडेला मोगरा, मधे पाण्याचे पाट, आणि टोकाला बावखल, त्या तळ्यात म्हातारं कासव. आणि गाय शिरलीच तर आई काठी घेऊन धावायची. मी म्हटलं, ही आपली वाडी नाही. तू टपली मारलीस. "सांगतो तेवढं लिही."

तेव्हापासून हेच चाललं होतं बघ. तू सांगायचं, मी लिहायचं.

पुढे तू माणिकपूरच्या शाळेत लागलास, आणि वाडीपासून हळूहळू सुटत गेलास. त्याबद्दल माझी तक्रार नाही. सगळ्यांनी केळीतच राहावं असं थोडंच आहे? पण पानवेलीत पायात काही घालून शिरायचं नाही, हा आपल्याकडचा रिवाज. मजूर असो की मामलेदार, चपला बाहेर. तू बूट घालायला लागलास आणि दोन मिनिटांसाठी नाड्या कोण सोडणार म्हणून कडेलाच उभा राहायला लागलास. रविवारी यायचास, बांधावरून हाका मारायचास, शेला, काय चाललंय, आणि तिथूनच परत. आठ-दहा वर्षं तू वाडी बाहेरूनच पाहिलीस. बाहेरून सगळं हिरवंच दिसतं.

एक मात्र कबूल करते, नाहीतर तू म्हणशील ही फक्त वाईटच आठवते. मला लग्न करायचं नव्हतं. मी सव्वीसची होते, डहाणूकडचं स्थळ चालून आलं होतं, आई रडून रडून अंथरुणाला खिळायची बाकी राहिली होती. तू शाळेतून आलास, सायकल लावली आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "तिला नको आहे ना, मग नको. वाडी ती बघेल. मला तरी कुठे जमणार आहे?" एवढंच. पुन्हा तो विषय घरात निघाला नाही. त्या दिवशी तू मला माझं आयुष्य दिलंस, हे मी तुला कधी बोलले नाही. तू बोलायची वेळ ठेवली नाहीस. दुसऱ्याच आठवड्यात मी खतावरून काही बोलले, तर म्हणालास, "बाजाराचं तुला कळत नाही, ते तुझं फील्ड नाही." तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की या शब्दाला दुसराही अर्थ आहे, आणि त्या अर्थानेही माझ्या नावावर काही नाही.

मग सरकारचा तो विकास आराखडा निघाला. सगळीकडे गलका. कुणाच्या घरावरून रस्ता, कुणाच्या विहिरीवर शाळा. आपल्या वाडीच्या मधोमध रंगीत पट्टा होता, म्हणजे रस्ता. हरकती द्यायच्या होत्या. आळीतले सगळे मराठीत लिहून मोकळे झाले. मी म्हटलं, आपणही मराठीत देऊ, सरळ लिहू, ही आमची वाडी आहे, यात हे हे आहे, रस्ता नको. तू चष्मा कपाळावर चढवलास.

"मराठी अर्ज ढिगाखाली जातो. इंग्रजी अर्ज साहेब स्वतः वाचतो."

"वाचून त्याला कळायला नको का?"

"ते माझ्यावर सोड."

मग ती संध्याकाळ. तू डिक्शनरी मांडीवर घेऊन बसलास आणि वाडीला शब्द शोधायला लागलास. गार्डन? नाही, गार्डन म्हणजे बाग, लोक फिरायला येतात. ऑर्चर्ड? ऑर्चर्ड म्हणजे फळझाडं, सफरचंदं वगैरे, पानवेल त्यात कुठे बसवू? प्लँटेशन? ते गोऱ्या साहेबाचं, चहाचं. ग्रोव्ह? तू स्वतःशीच मान हलवलीस. मी भाकऱ्या थापत होते. मी आतून ओरडले, "वाडीच लिही ना. इंग्रजी अक्षरांत लिही, पण वाडीच लिही." तू म्हणालास, तसं चालत नाही, अर्ज अडाणी दिसतो. आणि शेवटी फील्ड लिहिलंस. फील्डमध्ये सगळं येतं म्हणालास. तुझंच इंग्रजी तुला इतकं आवडलं की शेवटी एक भावनेचं वाक्यही घातलंस. ते तू मला वाचून दाखवलंस, म्हणून पाठ आहे. अवर चिल्ड्रन हॅव प्लेड इन धिस फील्ड फॉर जनरेशन्स. आमची मुलं पिढ्यान् पिढ्या या फील्डमध्ये खेळत आली आहेत. वाचताना तुझे डोळे भरून आले होते. माझेही. मला तरी कुठे कळलं होतं?

सुनावणीला तू इस्त्रीचा शर्ट घालून गेलास, मी मागे. साहेबांनी खरंच अर्ज स्वतः वाचला, तुझं तेवढं बरोबर निघालं. म्हणाले, "रस्ता बाजूने घेतलाय आम्ही. तुमच्या मैदानाला हात लावत नाही."

तू म्हणालास, "मैदान?"

"तुमचं प्ले फील्ड हो. तुम्हीच लिहिलंय, मुलं खेळतात. या भागात मैदानाची गरज होतीच. तसं आरक्षण टाकलंय. चांगली सूचना होती, मास्तर."

तू बोलायला लागलास. इंग्रजीत. फील्डचा पहिला अर्थ काय, दुसरा काय, कुठल्या संदर्भात कुठला घ्यायचा. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मी मधे पडून म्हटलं, "साहेब, तिथे केळी आहेत, पानवेल आहे, तिथे खेळणार कोण? कासव?" मागची माणसं हसली. तू माझ्याकडे असं पाहिलंस, जणू मी वर्गात पादले होते. बाहेर आल्यावर पहिलं वाक्य काय बोललास, आठवतं? "त्यांचं इंग्रजी कच्चं आहे."

तिथेच म्हणायचं होतंस, शेला, चुकलं माझं. तीन शब्द. मी तिथल्या तिथे विसरले असते. रिक्षात बसून घरी आलो असतो आणि दुसऱ्या दिवशी मराठीत नवा अर्ज केला असता. पण तू तो करू दिला नाहीस. पहिला अर्ज चुकीचा होता असं कागदावर येईल म्हणून. तुझ्या नावाखाली चूक राहू नये म्हणून वाडीच्या नावाखाली मैदान राहिलं.

त्यानंतर मी त्या ऑफिसात किती खेपा घातल्या, ते तुला ठाऊक नाही. खिडकीवर गेलं की ठरलेलं उत्तर, साहेब फील्डवर गेलेत. एकदा मी विचारलं, कुठल्या फील्डवर हो? आमच्या तर आले नाहीत. आळीतले म्हणायचे, अशानं काम होत नाही, आतून फील्डिंग लावा. तुला येऊन सांगितलं, तर तू फील्डिंग शब्दाचा हा वापर कसा अडाणी आहे यावर मला अर्धा तास ऐकवलंस. टीव्हीवर मॅच चालू होती, तुझ्या माणिकपूरच्या नव्या फ्लॅटमध्ये. बिल्डिंगचं नाव हनीफील्ड. मधाचं शेत! चारी बाजूंना बिल्डिंगा, खाली रिक्षा स्टँड. पण त्या पाटीतलं स्पेलिंग बरोबर आहे म्हणून तू खूश होतास.

विहिरीचं पाणी मचूळ झालं तेव्हा मी वरच्या अंगाला नवी विहीर खणायची परवानगी मागितली. मिळाली नाही, आरक्षण आहे. मिठागराकडची बायजी तेव्हा कामाला यायची. तिने ओंजळीत पाणी घेऊन चाटलं आणि थुंकली. "ताय, या पानीवर केली तगतील, वेल नाय धरनार." दोन पावसाळ्यांत पानवेल गेली. आजोबांच्या वेळची. केळी तगली, मोगरा तगला, पानवेल गेली. मी तुला फोन केला तर म्हणालास, "वाईट झालं." मग म्हणालास, "तरी पाण्याचा आणि आरक्षणाचा तसा थेट संबंध नाही." मी फोन ठेवला आणि पुढे साडेतीन वर्षं तुझ्याशी बोलले नाही.

तू मात्र रविवारी येत राहिलास. बांधावर उभा राहायचास. मी केळीच्या बुडाशी फुटलेले मुनवे काढत असायचे, वर बघायचे नाही. तू वहिनीला मोठ्याने म्हणायचास, केळीचे लोंगर छान धरलेत यंदा. मी बायजीला मोठ्याने म्हणायचे, लोकांना लांबून छान दिसतं. वहिनी आणि बायजी एकमेकींकडे बघून हसायच्या. तुम्ही निघताना मी पिशवीत केळ्यांची एक फणी ठेवून द्यायचे, वहिनीच्या हातात, तुझ्या नाही. तुला राजेळी आवडते म्हणून राजेळीच ठेवायचे. तेवढा दुष्टपणा मला जमला नाही.

मग आजूबाजूच्या वाड्या विकल्या गेल्या. एकेकाने बांध मोडला, बावखलं बुजवली, पाट्या लागल्या. बिल्डरची माणसं आपल्याकडेही आली, कागद पाहिले, आरक्षण म्हटल्यावर चहा न घेता उठली. आणि लोक म्हणायला लागले की मास्तरांनी बरोबर ओळखलं होतं, मैदान टाकून वाडी वाचवली. पहिल्यांदा ऐकलंस तेव्हा तू दचकलास. मी पाहिलं. दुसऱ्यांदा नुसता हसलास. तिसऱ्यांदा म्हणालास, "दूरचा विचार करावा लागतो." दादा, तुझ्या तोंडाकडे बघून त्या दिवशी मला वाटलं होतं की कोयता हातात आहे तो खाली ठेवावा.

वाडी तू नाही वाचवलीस. आरक्षण नसतं तरी मी विकली नसती. हे तुला माहीत होतं, तरी तू ते श्रेय घेतलंस. फील्डची चूक मी कधीतरी माफ केली असती. याची माफी नाही.

दवाखान्यात मी रोज दुपारी यायचे. तुला धाप लागायची, तरी नर्सचं इंग्रजी दुरुस्त करायचास. मी वाट पाहत होते. आता तरी म्हणशील. वहिनी डबा धुवायला गेली की मी खुर्ची जवळ ओढायचे, म्हणजे आता आपण दोघेच आहोत, बोल. शेवटच्या दुपारी तू डोळे उघडलेस, माझ्याकडे पाहिलंस. ओठ हलले. मी वाकले.

"केळीला पाणी दिलंस?"

मी म्हटलं, दिलं.

तू मान हलवलीस आणि कुशीवर वळलास. संध्याकाळी गेलास. मला आधी रडू आलंच नाही, संताप आला. जायच्या वेळी पाण्याची चौकशी!

तेराव्यानंतर चौथ्या दिवशी मी ती नोटीस काढली. मुदतीचे तीन दिवस उरले होते. तुझी मुलगी आली होती, ती म्हणाली, "आत्या, मी टाईप करून देते ना इंग्लिशमध्ये, प्रॉपर." मी म्हटलं, खबरदार. पाटावर बसून मी स्वतः लिहिलं, माझ्या अक्षरात, सगळं मराठीत. सदर जागी आमची वाडी आहे. वाडी हा शब्द मी तीनदा लिहिला आणि प्रत्येक वेळी तुझं नाक कापल्यासारखं वाटलं. बारा वर्षांनी, साध्या एका शब्दात काम होणार होतं. तुझ्या फोटोसमोर धरून दाखवला कागद. खरंच धरला. वहिनी बघत होती.

ऑफिसात आता कॉम्प्युटर आलेत. खिडकीत एक पोरगी होती, साताऱ्याकडची असावी बोलण्यावरून, चांगली होती स्वभावाने. तिने माझा अर्ज वाचला.

"काकू, किती घरं आहेत वाडीत?"

"घरं? घरं नाहीत. वाडी आहे."

"हां, पण वाडी म्हणजे वस्तीच ना? आमच्याकडे वाडी म्हणजे पंधरा-वीस घरं तरी असतात."

मी तिला समजावलं. केळी, मोगरा, नारळ, पाट, बावखल. आधी पानवेल होती तेही सांगितलं. ती ऐकत होती, बोटं कीबोर्डवर तशीच. माझ्यामागे रांग वाढत होती.

"एवढं नाही बसत हो. सध्याचा वापर, या फील्डमध्ये एकच शब्द मावतो. बाग टाकू का?" मग तीच म्हणाली, "नको, बाग टाकली तर उद्यानात जाईल, तेही आरक्षणच."

माझ्याजवळ दुसरा शब्द नव्हता. इंग्रजीत नव्हता हे तू सांगितलं होतंस. मराठीतही नाही, हे मला त्या खिडकीवर कळलं. वाडी म्हटलं की ती वसईच्या बाहेरच्या माणसाला दिसतच नाही. त्याला घरं दिसतात. ती संध्याकाळ डोळ्यांपुढे आली, तू डिक्शनरी मांडीवर घेऊन एकेक शब्द काढतोयस आणि टाकतोयस, आणि मी आतून ओरडते आहे की यात काय एवढं अवघड आहे.

पोरगी म्हणाली, "शेत टाकू? शेतात सगळं येतं."

मी म्हटलं, टाक.

तिने शेत लिहिलं, शिक्का मारला, पोच दिली. मैदान उठेल बहुतेक, म्हणाली, शेत असेल तर ऐकतात. मी रिक्षात बसले आणि वटार येईपर्यंत तो कागद हातात धरून होते. बायजी वाडीत होती, तिला म्हटलं, काम झालं. वहिनीने विचारलं, तिलाही तेवढंच सांगितलं. काय लिहिलं ते कुणाला सांगितलेलं नाही. फक्त तुला सांगते आहे, कारण तू आता नाहीस. तू असतास ना दादा, तर मी मेले तरी तुला हे कळू दिलं नसतं.